पाच पट्ट्या खाली

४ मार्च, सोमवार

अल्बम पाठवतेय असं कळवलंस, म्हणून मी चष्मा धुतला, हात पुसले आणि उजेडात खुर्ची ओढून बसले. म्हटलं, चार वर्षांनी पोरीचं तोंड तरी दिसेल. पुठ्ठा फोडला तर आत ताटाएवढ्या दोन काळ्या तबकड्या, आणि पाकिटावर एका गंजक्या खिळ्याचा फोटो. खिळ्याचा! तुझा एकही नाही. गाण्यांच्या तबकडीलाही अल्बमच म्हणतात हे मला तुझ्या आईने सांगितलं, तेसुद्धा पदर तोंडाला लावून हसत. तुला आधी दोन शब्द जास्त लिहायला काय झालं होतं?

असो. आशीर्वाद. तब्येत बरी असेल असं मी धरून चालते, कारण तू ती कधी लिहीत नाहीस. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत.

मागच्या बाजूला काय लिहिलंय ते तुझ्या आईने वाचून दाखवलं. ‘प्रायोगिक आर्ट रॉक.’ पुढचे दोन शब्द सोडून दे, पहिला मला कळला. प्रयोग म्हणजे जमलं तर जमलं. मी तिसरी शिकलेली बाई, पण गिऱ्हाइकाच्या कापडावर मी कधी प्रयोग केला नाही. आधी चिंधीवर करायचा आणि चिंधी फेकून द्यायची. तू चिंधीच छापून घरोघर पाठवलीस की काय, असं पहिली बाजू ऐकून वाटलं. राग मानू नकोस. मानलास तरी मी पुन्हा तेच लिहीन.

तबकडी तुझ्या बापाच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली, माझ्या शिवणाच्या खोलीत. पहिलं गाणं बारा मिनिटांचं निघालं. त्यात कुणी एक पुरुष दाढदुखी झाल्यासारखा कण्हतो आणि मागे काहीतरी जड सरकतं. हा माणूस कोण? तू त्याच्याबरोबर राहतेस का? राहत असशील तर सरळ सांग. मी ओरडणार नाही, पण त्याला जेवायला घालतेस की नाही ते मला विचारायचंय.

तुझा बाप मागच्या कारखान्यात एका पियानोचे सूर लावत होता. आवाज ऐकून पॅसेजमधून आला. हातात तारा पिळायची चावी तशीच.

“हे काय चाललंय, आई?”

“तबकडी.”

“कुणाची?”

“तुझ्या लेकीची.”

तो वळला, मागे गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. कडी घातली. त्याने दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे तुलाही कळतंय.

तू घर सोडलंस त्या दिवसाचं मी उकरत नाही. तरी एवढं लिहिते की शाळेचा पियानो त्याने तीन दिवस खपून लावला होता. तू एका दुपारी त्याच्या तारा सैल केल्यास, आवाज टिपत बसलीस आणि पुन्हा ताणायला विसरलीस. सकाळी शाळेची माणसं आली आणि त्यांनी तुझ्या बापाच्या देखत झाकण उघडून वाजवून बघितला. ते बघितलंस ना तू? मग तो म्हणाला, तुझे कान कामातून गेले. तू म्हणालीस, तुमचे कान गंजलेत, बाबा. मला विचारशील तर कान दोघांचेही धड होते.

पुढच्या बाजू उद्या ऐकते. पडदे शिवायचे आहेत.

आजी

११ मार्च, सोमवार

एवढं पोस्टकार्ड, आणि त्यावर दोन ओळी? ‘आजी, पुरुष-बिरुष कुणी नाही. गाणारी मीच आहे.’ बरं. तुझा आवाज मी तू दोन दिवसांची असल्यापासून ऐकतेय. तो बारीक आहे, टोकदार आहे, रडायला लागलीस की चार घरं उठायची. तबकडीवरचा बुवा गोदामातलं कपाट ओढल्यासारखा गातो. लपवायचं असेल तर लपव. फक्त त्याला म्हणावं, दाढ काढून टाक.

आता इथली मतं ऐक.

तुझ्या आईला आवडली. तिला विचारून उपयोग नाही. तुझ्या शाळेतल्या चित्रातला घोडाही तिला आवडला होता आणि तो घोडा नव्हता, मी होते.

खालची बेकरीवाली पडदे न्यायला आली होती. दोन मिनिटं उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “आजी, आत कुणी आजारी आहे का?” मी सांगितलं, नाही, नात आहे. तिने पडदे उचलले आणि तुझ्या आईला, काही लागलं तर हाक मारा, असं सांगून गेली.

वरचे रिटायर्ड मास्तर मात्र वेडे झालेत. आपल्या डोक्यावर राहतात, त्यांना तसंही सगळं ऐकू जातं. तिसऱ्या दिवशी स्वतःची उशी घेऊन खाली आले आणि डोळे मिटून तीन बाजू ऐकल्या. मला वाटलं, झोपले. तर एकदम म्हणाले, “आजीबाई, हा संथपणा नाही. हा काळाचा भार आहे. इथे सूर चालत नाहीत, ओझं वाहतात.”

मी म्हटलं, “मास्तर, चहा गार होतोय.”

“होऊ द्या,” म्हणाले. त्यांनी त्या भारावर चार पानं लिहिली आहेत. रविवारी वाचनालयात सगळ्यांसमोर वाचणार आहेत. कुठल्याशा वर्तमानपत्रातलं कात्रणही घेऊन आले होते. त्यात एकाने तुझी तबकडी ‘चपळ, चावरी, अंगावर धावून येणारी’ अशी लिहिलीय, आणि दुसऱ्याने लिहिलंय की आयुष्यातला पाऊण तास फुकट गेला. मास्तर दोघांवर चिडले. पहिल्यावर जास्त. “चपळ म्हणे! या गृहस्थाने ऐकलीच नाहीये. बघितलंत ना, आजकाल न ऐकता लिहितात.” मलाही ते पटलं. चपळ कुठून? तुझ्या त्या दुसऱ्या गाण्यात मी एक पडदा दुमडून, टाचून, इस्त्री करून ठेवते तरी ते संपत नाही.

माझं मत विचारलं नाहीस तरी देते. पहिलं गाणं नको. दुसरं नको. तिसऱ्यातला पियानो बरा वाटतो. का ते मला सांगता येत नाही. एक सूर सारखा लाटेसारखा येतो आणि जातो, शिवताना पायाला चांगला पडतो. बाकी वर्तमानपत्रवाल्यांनी ठरवावं.

तुझा बाप जेवतो आणि जातो. काल तबकडी चालू असताना त्याचं दार थोडं उघडं होतं. वाऱ्याने उघडलं असेल.

आजी

१९ मार्च, मंगळवार

मला न विचारता माझं शिवणाचं मशीन तबकडीत घातलंस! माझ्या खोलीत, माझ्या पाठीमागे, माझ्याच दोऱ्यांच्या डब्यात टेपरेकॉर्डर लपवून! मला आता आठवतंय, घर सोडायच्या आधी तू दोन दिवस सारखी त्या डब्यापाशी घुटमळत होतीस आणि मी समजले, पोरगी शिवण शिकायचं मनावर घेतेय.

आधी हे लिहून मोकळी झाले. आता जे झालं ते ओळीने सांगते, कारण ते तुला कळायलाच हवं.

दुसऱ्या तबकडीची मागची बाजू आजवर कुणी लावलीच नव्हती. मास्तरांना तीन बाजूंतच पुरेसा भार झाला होता. आज सकाळी तुझ्या आईने ती लावली, आणि सुरुवातीलाच खड, खड, खड. मी हातातली कात्री खाली ठेवली. आपलंच मशीन. चामडी पट्ट्याला सांधा आहे ना, तो दर फेरीला चाकावरून जाताना ‘टक’ करतो, तो टकसुद्धा होता. पण शिवणारी कोण? मी? इतकी रेंगाळत? ऐकणाऱ्याला वाटेल, बाई एका हाताने माश्या मारतेय आणि एका पायाने मशीन चालवतेय. सरळ शिवण असली की माझा पाय एकाच वेगाने पडतो, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून. मी तिथल्या तिथे तुला चार शिव्या दिल्या. तुझ्या आईने कानांवर हात ठेवले. शिव्यांमुळे, गाण्यामुळे नव्हे.

तेवढ्यात तुझा बाप दारात.

“हे मशीन आपलं नाही, आई.”

“आपलंच आहे. सांधा ऐक.”

“सांधा आपला आहे. सूर आपला नाही. पाच पट्ट्या खाली आहे.”

“सुराचं तू बघ. मी इतकी सावकाश शिवत नाही, एवढं मला कळतं.”

तो बोलायला गेला आणि थांबला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. मग आम्ही दोघांनी त्या फिरणाऱ्या तबकडीकडे बघितलं. तुझी आई म्हणाली, “काय झालं? मला कुणी सांगेल का?”

त्याने सुई उचलली. तबकडी खिडकीपाशी नेऊन मधला कागद वाचला. मुंगीएवढ्या अक्षरात पंचेचाळीस लिहिलं होतं, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या. आपण पंधरा दिवस तेहतीसवर वाजवत होतो! मोठी तबकडी म्हणजे तेहतीस आणि बशीएवढी छोटी म्हणजे पंचेचाळीस, हे या घरात त्यानेच सगळ्यांना शिकवलंय. तुलाही त्यानेच शिकवलं होतं. त्यामुळे वाचायचं कुणाच्या मनातच आलं नाही. घरात मी सोडून दोघं चांगली शिकलेली आहेत आणि वरती एक मास्तर आहे.

त्याने बटण सरकवलं आणि सुई ठेवली. मी आले! माझ्या वेगाने, दणकून, पडद्याची लांब शिवण. आणि तिच्यावरून तुझा आवाज. बारीक. टोकदार. तुझ्या आईने लगेच डोळ्यांना पदर लावला, मी तिला म्हटलं, ऐकू दे की गं.

त्या पुरुषाबद्दल जे लिहिलं ते मागे घेते. दाढ तुझी तपासून घे.

तुझा बाप गाणं संपेपर्यंत उभा होता. मग पाकीट उचलून बघितलं. मी म्हटलं, “खिळ्याचा फोटो कशाला छापलाय कुणास ठाऊक.” तो म्हणाला, “खिळा नाही, आई. खुंटी आहे. पियानोची तार ताणायची.” पाकीट त्याने पुन्हा होतं तसं नीट ठेवलं. “मोठ्या तबकडीला पंचेचाळीस कोण ठेवतं!” असं मोठ्याने म्हणाला आणि मागे गेला. कडीचा आवाज आला नाही.

हात दुखला. पुरे.

आजी

२७ मार्च, बुधवार

आठ दिवस झाले, तुझा कागद नाही. हसत बसली असशील. हस. इथे मात्र हसण्यासारखी परिस्थिती नाही, दोन पक्ष पडलेत.

मास्तरांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. बिचारे उशी मांडीवर घेऊन तसेच बसले. “आजीबाई, मी सतरा माणसांसमोर वाचून आलोय.”

“मग काय झालं? त्यांना कुठे ठाऊक आहे?”

“त्यातल्या दोघांनी माझं ऐकून तबकडी मागवलीय.”

त्यांना पंचेचाळीसवर लावून दाखवली. ते मधेच उठून वर गेले. दोन दिवस जिन्यात दिसले तरी मान खाली. तिसऱ्या दिवशी खाली आले ते मान ताठ करूनच. म्हणाले, “मी विचार केला. खरी तबकडी तेहतीसचीच आहे. आपण काय केलंय हे तुमच्या नातीला स्वतःला कळलेलं नाही.” आता चार पानांची सात पानं होतायत.

तुझी आई मास्तरांच्या पक्षात गेली. मला आश्चर्य वाटलं. तिला म्हटलं, “पोरीचा आवाज पुरुषासारखा येतो, तो तुला बरा वाटतो?” ती म्हणाली, “तसं नाही हो, आई. हळू लावली की जास्त वेळ पुरते.” मग मी तिच्या वाटेला गेले नाही. दुपारी मी पडते तेव्हा ती तिच्या वेगाने लावून घेते.

बेकरीवाली पंचेचाळीसची. आता मांडीवर बोटं वाजवत उभी राहते आणि चेन बसवायचं काम नसलं तरी चेन बसवायला घेऊन येते. चांगल्या चेनी काढून पुन्हा बसवायला लावते. तिचं आणि मास्तरांचं परवा माझ्या खोलीत असं जुंपलं की मास्तर तिला “तुम्हाला गांभीर्य कळत नाही” म्हणाले आणि ती म्हणाली, “तुम्ही पीठ मळून दाखवा तुमच्या त्या तेहतीसवर.” मी मधे पडले नाही. कितीतरी दिवसांनी या घरात भांडायला काहीतरी चांगलं मिळालंय. मी बटणं लावत ऐकत बसले.

मी कुठल्या पक्षात, म्हणशील तर दोन्हीकडून शिव्या खाते. मशीनचं गाणं पंचेचाळीसवरच हवं, त्यात माझी अब्रू आहे. तिसऱ्यातला पियानो मात्र मला हळू लावलेलाच बरा वाटतो. दुसरं गाणं कुठल्याही वेगाने नको. ते तू केलं नसतंस तरी चाललं असतं.

तुझ्या बापाला कुणी पक्ष विचारलेला नाही.

आणि एक. वाऱ्याचं मी तुला खोटं लिहिलं होतं. पॅसेजमधे वारा येतो कुठून? पहिल्या आठवड्यापासून, तो चहाला बाहेर आला की मी जाऊन दारात चिंधी सरकवत होते, म्हणजे ते पुरतं लागणार नाही आणि कडी बसणार नाही. चिंधी त्याला दिसायची. त्याने ती एकदाही काढून टाकली नाही. आता तुला सगळं ठाऊक झालं.

आजी

९ एप्रिल, मंगळवार

लांबलचक पत्र आलं, पण आईच्या नावाने. तीन पानं! त्यात माझ्यासाठी ‘आजीला सांग, दाढ शाबूत आहे’ एवढंच, आणि बापासाठी एक ओळ नाही. पान उलटून बघितलं. मागे कोरं.

तर आता नीट वाच. घाईत वाचू नकोस.

गेल्या बुधवारपासून मागच्या खोलीतून विचित्र आवाज यायला लागले. एकच सूर, पुन्हा पुन्हा, वांव वांव करत. मग थांबायचा, खुंटी करकरायची, पुन्हा वांव वांव. तुझी आई घाबरली. “यांना बरं नाही का, हो आई? हे असं कधी वाजवत नाहीत.” शनिवारी मी काठी घेऊन गेले. तो त्याच्या स्वतःच्या पियानोचं झाकण काढून बसला होता. मांडीवर घड्याळ.

“काय करतोस?”

“काही नाही.”

“काही नाही ते माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतंय.”

मग बोलला. चार वर्षांत इतकं बोलला नसेल. एका सुराला म्हणे आत तीन तारा असतात, तिन्ही तंतोतंत सारख्या लावायच्या, तोच त्याचा धंदा. मधली किंचित सैल सोडली की सुरात लाट उठते. तुझ्या तिसऱ्या गाण्यातली लाट तीच. “अकरा मिनिटं, आई. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी येते. मी मोजली. सैल केलेली तार जागेवर राहत नाही, सरकते. माझी चार मिनिटांत सरकते. तीन दिवस बघतोय.”

मी म्हटलं, “म्हणजे तुला आवडलं तिचं गाणं.”

“आवडायचा काय संबंध? अकरा मिनिटं तेच ते. मला नाही ऐकवत.” मग खुंटीवर चावी चढवली, उतरवली. “पण ही तार सुटलेली नाहीये. ही लावलीय.”

पोरी, तुझ्या बापाच्या तोंडी हा शब्द कधी येतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गावातल्या बाकीच्या सूरवाल्यांबद्दल तो ‘पिळलीय’ म्हणतो. फार झालं तर ‘ताणलीय’. माझा नवरा, तुझा आजोबा, ज्याच्याकडून तो हे काम शिकला, त्याच्या हातच्या पियानोला तो ‘लावलाय’ म्हणतो. दुसऱ्या कुणासाठी हा शब्द मी ऐकलेला नव्हता.

मी तिथेच स्टुलावर बसले. उभं राहून गुडघे दुखले म्हणून.

“तिने तुला काही लिहिलंय का,” मला विचारतो, “तार कशी धरली ते?”

“मला कशाला लिहील? मला तारेतलं काय कळतं? तू विचार.”

“तूच विचार ना. तू लिहितेसच.”

“मी नाही विचारणार.”

“आई, एक ओळ तर घालायची.”

मी उठले. त्याला सांगितलं, तुझा कागद तू लिही, तुला मी तिसरीपेक्षा जास्त शिकवलंय. रविवारी दुपारी तो टेबलाशी बसला. ‘तुझी तबकडी मिळाली’ इतकं लिहून झालं, मग पाऊण तास पेन्सिलीला टोक काढत होता. तो कागद मी बघितला तेव्हा त्यावर तेवढंच होतं. सोमवारी त्याच कागदाच्या मागे त्याने एका गिऱ्हाइकाच्या तारांचं माप लिहिलं. त्याच्याने होणार नाही. बाकी सगळं होईल त्याच्याने, सुरुवात होणार नाही. त्या शाळेच्या पियानोबद्दल तुला जे म्हणायचं असेल ते नंतर म्हण. आधी हे कर.

त्याने विचारायला लावलं म्हणून मी हे लिहीत नाहीये. त्याला मी साफ नाही म्हटलंय, आणि तो समजतो की मी हे पत्र दुसऱ्या गाण्याला नावं ठेवायला लिहितेय. तसंच समजू दे.

तार कशी धरलीस ते लिही. खुंटीत काही घातलंस, की दर थोड्या वेळाने पुन्हा पिळलीस, की काय केलंस, सगळं लिही. सोपं करून लिहू नकोस, त्याला सोपं करून सांगितलेलं आवडत नाही. काही चुकलं असेल तर तेही लिही. तीनदा चुकलीस असं लिहिलंस तर त्याला फार बरं वाटेल. आणि खरंच चुकली असशीलच.

मला उत्तर नको. मला पाठवलंस तर मी न फोडता परत पाठवीन. आईच्या नावाने नको, ती वाचून दाखवताना रडेल आणि निम्म्या तारा गाळेल. मास्तरांना मुळीच नको, त्यांची सात पानं झालीत तेवढी पुरे. पाकिटावर तुझ्या बापाचं पूर्ण नाव घाल, आत ‘बाबा’ लिही, आणि स्वतःच्या हाताने लिही. त्यावर तुला उलट टपाली उत्तर येईल. ते त्यानेच द्यायचं आहे, आणि टेबलावरून तो उठणार नाही याची व्यवस्था मी करते.

आजी